इंग्लिश मफिन घरी: जाळी कशी पडते आणि कुठे बिघडते

बेकरीत मफिन मागितला की कागदाच्या वाटीतला गोड, केकसारखा पदार्थ हातात येतो. इंग्लिश मफिन वेगळा. तो यीस्टने फुगवलेला, तव्यावर भाजलेला जाडसर चपटा पाव असतो: वरून-खालून बदामी, कडेने पांढरा आणि आत जाळी. तो तव्यावरून काढून तसाच खायचा नसतो. गार झाला की मधोमध उकलायचा, उकललेली बाजू खरपूस शेकायची आणि त्या खाचाखोचांत लोणी जिरू द्यायचं. सगळा खटाटोप त्या जाळीसाठी आहे. जाळी पडली नाही तर हाती उरतो तव्यावर भाजलेला साधा बन.

घरचा मफिन बहुतेक वेळा एकाच जागी बिघडतो. पीठ हाताला चिकटायला लागलं की हात आपोआप मैद्याच्या डब्याकडे जातो. पोळ्यांची कणीक मळून तयार झालेल्या हाताला चिकट पीठ म्हणजे चुकलेलं पीठ वाटतं. इथे तो चिकटपणाच हवा आहे. पिठात पाणी भरपूर असेल तर यीस्टने तयार केलेल्या वायूचे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, तव्यावर वाफ जोरात तयार होते आणि आत वेडीवाकडी भोकं पडतात. वरून मूठभर मैदा घातलात की तीच भोकं बारीक, एकसारखी आणि बंद होतात. पुरणपोळीची कणीक आठवा. ती सैल, लवचिक, हातातून ओघळणारी असते आणि तेल-पाण्याचा हात लावत तिंबून तिला तार आणावी लागते. मफिनचं पीठ पोळीच्या कणकेपेक्षा या कणकेच्या जवळचं आहे.

नावाबद्दल थोडं. इंग्लंडात याला नुसतं मफिन म्हणत. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये चहाच्या वेळी विक्रेते डोक्यावर मफिनची पाटी घेऊन, हातातली घंटा वाजवत गल्ल्यांतून फिरत. 'इंग्लिश' हे विशेषण अमेरिकेत जोडलं गेलं. इंग्लंडमधल्या प्लिमथचा सॅम्युअल बाथ थॉमस १८७४ साली न्यूयॉर्कला गेला, १८८० मध्ये त्याने स्वतःची बेकरी काढली, आणि त्याच्या नावाचे मफिन आजही तिकडच्या दुकानांत मिळतात. याचा भाऊबंद म्हणजे क्रम्पेट. त्याचं सरबरीत पीठ तव्यावर ठेवलेल्या गोल रिंगमध्ये ओततात, ते मुख्यतः खालूनच भाजतात आणि जाळी वरच्या अंगाला उघडी दिसते. आंबोळी करणाऱ्यांना ही तऱ्हा लगेच ओळखू येईल. मफिनची जाळी मात्र पोटात असते आणि ती बाहेर काढायची एक रीत आहे. ती पुढे येईलच.

सामान (८ मफिनसाठी)

मैदा ४०० ग्रॅम
उकळून कोमट केलेलं दूध २०० ग्रॅम
पाणी ६० ग्रॅम
ताजं दही ५० ग्रॅम
इन्स्टंट ड्राय यीस्ट ४ ग्रॅम (साधारण सव्वा छोटा चमचा)
साखर १० ग्रॅम (दोन छोटे चमचे)
बारीक मीठ ८ ग्रॅम (सव्वा ते दीड छोटा चमचा)
मऊ लोणी २५ ग्रॅम
पेरायला बारीक रवा ५० ग्रॅम

यात अंडं कुठेच नाही, त्यामुळे अंडं न खाणाऱ्या घरात काही बदल करावा लागत नाही.

दूध, पाणी, दही हेही वजनावरच मोजा. मैदा कपाने मोजायचा झाला तर मोठी अडचण येते. चमच्याने हलक्या हाताने भरलेल्या कपात सुमारे १२५ ग्रॅम मैदा बसतो, तर डब्यात कप खुपसून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. तीन-सव्वातीन कपांत मिळून हा फरक ८० ग्रॅमच्या आसपास पोहोचतो आणि सैल पिठाचं घट्ट पीठ होतं. त्यानंतर कितीही मळा, जाळी येत नाही. घरी डिजिटल वजनकाटा नसेल तर मफिनला हात घालण्याआधी तो घ्या. या पदार्थासाठी सगळ्यात कामाची वस्तू तीच आहे.

मैदा निवडताना पाकिटामागे प्रथिनांचा आकडा बघा. किराणा दुकानातल्या मैद्यात तो १०० ग्रॅममागे साधारण १०-११ ग्रॅम असतो. ब्रेडसाठी म्हणून विकलं जाणारं पीठ मिळालं, म्हणजे १२ ग्रॅमच्या वरचं, तर पाणी आणखी २०-२५ ग्रॅम वाढवता येतं आणि जाळी जास्त मोकळी पडते. साध्या मैद्यावर मात्र परदेशी कृतीतलं पाण्याचं प्रमाण जसंच्या तसं लादू नका. पीठ पसरून तव्यावर पोळा होतो. पावसाळ्यात मैदा हवेतली ओल धरतो, म्हणून त्या दिवसांत एकूण द्रवातलं १५-२० ग्रॅम पाणी बाजूला ठेवा आणि पीठ बघून घाला.

दूध उकळलेलं असावं याला कारण आहे. न उकळलेल्या दुधातली काही प्रथिनं पिठाची ताकद कमी करतात. दूध नीट उकळलं की तो त्रास राहत नाही. आपल्याकडे दूध उकळलेलंच असतं, तेव्हा फक्त साय काढून कोमट करा. बोट घातलं तर ऊब जाणवावी, चटका बसू नये, म्हणजे ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास. मे महिन्यात तेवढंही नको, फ्रिजमधलं थंड दूध वापरा, नाहीतर पीठ भराभर फुगून आंबूस होईल. कडक गरम दुधात यीस्ट मरतं आणि ते परत जिवंत होत नाही.

दही थोड्या आंबटपणासाठी आणि आतला भाग मऊ राहण्यासाठी. चार दिवसांचं जून दही नको, त्याची चव वर येते. दही नको असेल तर तेवढंच दूध वाढवून एक छोटा चमचा व्हिनेगर घाला.

यीस्ट इन्स्टंट असेल तर थेट मैद्यात मिसळा. मोठ्या दाण्याचं, भिजवून वापरायचं यीस्ट असेल तर कोमट दुधात साखरेबरोबर दहा मिनिटं ठेवा. वर फेस आला तर पुढे जा. आला नाही तर ते यीस्ट टाकून द्या, त्याच्या भरवशावर मैदा वाया घालवू नका. उघडलेलं पाकीट हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये ठेवायचं. ओट्यावर राहिलेलं यीस्ट महिन्या-दोन महिन्यांत ढिलं पडतं.

पीठ: रात्रीचं काम

मफिन त्याच दिवशी होतात, पण रात्रभर फ्रिजमध्ये राहिलेल्या पिठाचे खूपच चांगले होतात. चव मुरते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे गार पिठातलं लोणी घट्ट झालेलं असतं, त्यामुळे एवढं सैल पीठ हाताळणं सोपं जातं. मैदा वाढवायचा मोह होतो तो इथेच टळतो.

मोठ्या भांड्यात मैदा, यीस्ट, साखर एकत्र करा. दूध, पाणी, दही घालून लाकडी कालथ्याने कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंत ढवळा. मळू नका. झाकून २० मिनिटं तसंच ठेवा. या वेळात मैदा पाणी पितो आणि पिठाला आपोआप तार यायला लागते. आता मीठ आणि मऊ लोणी घाला. लोणी वितळलेलं नको आणि सुरुवातीलाही नको. मैद्यावर चिकटपणा तयार व्हायच्या आधीच तुपकट थर चढला तर पीठ कमकुवत राहतं.

ओल्या हाताने लोणी पिठात चेपून घ्या. सुरुवातीला पीठ फाटेल, घसरेल. दोन-तीन मिनिटांत पुन्हा एकजीव होईल. मग घडी घालायची: पिठाची एक कड पकडा, तुटणार नाही इतपत वर ओढा आणि पलीकडच्या बाजूला दुमडा. भांडं थोडं फिरवा, पुढची कड घ्या. सात-आठ घड्या झाल्या की झाकून २० मिनिटं ठेवा. असं एकूण तीन वेळा करा, दर वेळी हात ओला करून. पहिल्या फेरीत पीठ लापशीसारखं वाटतं आणि धीर सुटतो. तिसऱ्या फेरीला तेच पीठ ओढल्यावर पडद्यासारखं ताणलं जातं आणि भांड्याच्या कडा सोडतं. ओट्यावर घेऊन मळण्यापेक्षा हे कमी कष्टाचं आहे आणि पिठात मैदाही जास्तीचा जात नाही. स्टँड मिक्सर असेल तर हुक लावून मध्यम वेगावर ६ ते ७ मिनिटं पुरे.

घड्या झाल्या की पीठ तेल लावलेल्या डब्यात घाला आणि मूळ आकाराच्या दीडपट होईपर्यंत बाहेर ठेवा. घरात २७-२८ अंश असेल तर साधारण ४५ मिनिटं ते एक तास लागतो. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात दीड-दोन तासही लागतात. नागपूरच्या किंवा सोलापूरच्या मे महिन्यात अर्धा तास पुरतो, आणि त्या दिवसांत यीस्टच ३ ग्रॅम घ्या. घड्याळापेक्षा डब्यावर लावलेली चिकटपट्टीची खूण खरी. मग डबा फ्रिजमध्ये, ८ ते १६ तास. वीस तासांच्या पुढे गेलात तर पीठ आंबतं, त्यातली साखर यीस्ट खाऊन टाकतं आणि मफिन तव्यावर नीट रंग धरत नाहीत.

त्याच दिवशी करायचे असतील तर पीठ बाहेरच दुप्पट होऊ द्या आणि वाटे करण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये घट्ट करून घ्या.

वाटे, रवा आणि दुसरं फुगणं

बटर पेपरचे १० सेंटिमीटरचे ८ चौकोन कापा आणि प्रत्येकावर रवा पेरा. हा चौकोनी कागद फार उपयोगी आहे. फुगलेला मफिन ताटावरून उलथन्याने सोडवताना दबतो आणि दोन तासांत जमलेली हवा एका क्षणात निघून जाते. कागदासकट उचलला तर तो हलत नाही.

रव्याचं काम नुसतं चिकटू न देण्याचं नाही. रव्याचे कण मफिन आणि तव्यामध्ये बारीकशी फट ठेवतात, त्यामुळे खालची बाजू थेट न करपता सावकाश बदामी होते आणि खाताना कुरकुरीत लागते. साधा बारीक रवा घ्या, आधी भाजून ठेवलेला नको, तो तव्यावर लवकर काळा पडतो. रव्याऐवजी तांदळाचा बारीक कणीदार रवा किंवा मक्याचा रवाही चालतो. अमेरिकेत मक्याचाच वापरतात. कॉर्नफ्लोर मात्र वेगळी चीज आहे. ती पांढरी भुकटी पेरली तर ओल धरून चिकटते.

ओट्यावर रवा भुरभुरा, थंड पीठ डब्यातून अलगद उलटं करा. तेलाचा हात लावलेल्या पट्टीने किंवा उलथन्याने ८ वाटे करा, प्रत्येकी ९५ ग्रॅमच्या जवळपास. कडा खाली दुमडून गोळा बनवा. इथे चेपून हवा काढायची नाही. गोळा फार घट्ट वळला तर तो भाजताना चेंडूसारखा वर उठतो आणि पोटात कच्चा राहतो. गोळा रव्यावर ठेवा, बोटांच्या सपाट बाजूने हलकेच दाबून ९ सेंटिमीटर रुंद आणि २ सेंटिमीटर जाड करा. वरूनही थोडा रवा भुरभुरा. ओल्या, पिळलेल्या पातळ कापडाने झाका.

रिंग लागतातच असं नाही. या प्रमाणातलं पीठ स्वतःचा आकार धरतं. मैदा कमकुवत असेल किंवा पाणी वाढवायचं असेल तरच रिंग हव्या. त्या घरीही होतात: अ‍ॅल्युमिनियम फॉइलची ३० सेंटिमीटर लांब पट्टी चार-पाच पदरी दुमडून अडीच सेंटिमीटर रुंद करा, टोकं दीड-दोन सेंटिमीटर एकमेकांवर आणून स्टेपलरची पिन मारा. ९ सेंटिमीटरची रिंग तयार. आतून लोणी लावायला विसरू नका.

फ्रिजमधून काढलेलं पीठ गार असतं, त्यामुळे दुसऱ्या फुगण्याला २८ अंशांत ६० ते ७५ मिनिटं लागतात, थंडीत दीड-दोन तास. मफिन साधारण तीन सेंटिमीटर उंच आणि हलके दिसायला हवेत. ओल्या बोटाने कडेला हलकं दाबा. खळगा सावकाश अर्धवट भरून आला तर तवा तापत ठेवा. पटकन उसळून आला तर अजून वेळ आहे. खळगा तसाच राहिला तर उशीर झाला, लगेच भाजा.

तवा

इथे घाई चालत नाही. मफिन म्हणजे तीन सेंटिमीटर जाडीचा ओला गोळा, आणि त्याला उष्णता फक्त खालून मिळते. ती मधल्या भागापर्यंत पोहोचायला १४-१६ मिनिटं लागतात. तोपर्यंत बाहेरची बाजू करपायची नसेल तर तवा मंदच हवा, पृष्ठभाग १५० ते १६० अंश. पोळीचा तवा याहून कितीतरी जास्त तापलेला असतो, आणि सवयीने आपण तेवढाच तापवतो.

बिडाचा जाड, सपाट तवा सर्वांत उत्तम. आंबोळी-घावनाचा बिडाचा तवा घरात असेल तर दुसरं काही शोधू नका. तो सावकाश तापतो आणि तापमान धरून ठेवतो. जाड बुडाचा नॉनस्टिक डोसा तवाही चालतो. पोळीचा पातळ, खोलगट तवा मात्र नाही. त्यावर मफिनचा मधला भाग टेकतो, कडा अधांतरी राहतात. गॅस अगदी बारीक करूनही तवा जास्त तापत असेल तर बिर्याणीला दम देताना पातेल्याखाली तवा ठेवतात तसा या तव्याखाली दुसरा जुना तवा ठेवा. इंडक्शनवर मधोमध जास्त तापतं, म्हणून मफिन मध्यभाग सोडून गोल मांडा आणि दर दोन मिनिटांनी थोडे फिरवा.

बिडाचा तवा लहान बर्नरवर, बारीक आचेवर १० मिनिटं तापू द्या. थर्मामीटर नसेल तर चिमूटभर मैदा तव्यावर टाका. मिनिटभरात तो फिकट बदामी झाला तर ठीक. अर्ध्या मिनिटात तपकिरी होऊन धूर यायला लागला तर गॅस बंद करून तवा निवू द्या. पाण्याचा थेंब तडतडत नाचला तरी तवा जास्तच तापलाय असं समजा. तो जागच्या जागी सावकाश चर्र करत आटायला हवा.

तव्याला तेल-तूप लावू नका. तेलात रवा तळला जातो, डागडाग पडतात आणि मफिनला तळलेल्या पदार्थाचा वास येतो. मफिन कागदासकट उचला, कागद वर येईल असा तव्यावर अलगद उलटा करा आणि कागद सोलून काढा. ३० सेंटिमीटरच्या तव्यावर चार मावतात, मध्ये दोन बोटं जागा ठेवून. उरलेले चार या वेळात जास्त फुगू नयेत म्हणून त्यांचं ताट आधीच फ्रिजमध्ये सरकवा आणि पहिली खेप उलटली की बाहेर काढा.

झाकण ठेवावं की नाही? पहिली चार मिनिटं ठेवा, थोडं तिरकं, वाफेला वाट राहील असं. त्यामुळे वरची बाजू सुकत नाही, मफिन पूर्ण फुगतो आणि कडाही शिजतात. चार मिनिटांनंतर झाकण काढाच. पूर्ण वेळ झाकलं तर वाफेचं पाणी परत पडतं आणि वरची बाजू चिवट होते.

एकूण ७-८ मिनिटांनी खालची बाजू बदामी झालेली दिसेल. उलटा. आता वर आलेला भाग थोडा फुगीर असेल तर सपाट ताटाने अलगद, एकदाच टेका. वजन ठेवू नका. दुसरी बाजूही ७-८ मिनिटं. झाला की नाही हे रंगावरून ठरवू नका, कडेवरून ठरवा. पांढरी कड दोन बोटांत दाबा. ती उसळून परत आली तर झाला, दबलेलीच राहिली किंवा ओलसर लागली तर आणखी दोन-दोन मिनिटं द्या. खाद्यपदार्थांचा थर्मामीटर असेल तर कडेतून मधोमध खुपसा, ९३ ते ९६ अंश हवेत.

दोन्ही बाजूंना रंग आला पण आत कच्चा आहे असं वाटलं तर ओटीजी (घरगुती छोटा विजेचा ओव्हन) १७० अंशांवर तापवून त्यात ८ मिनिटं ठेवा. बऱ्याच चांगल्या बेकऱ्याही तव्यावर रंग आणून उरलेलं भट्टीत पुरं करतात, त्यात कमीपणा काही नाही.

दोन खेपांच्या मध्ये तवा कोरड्या फडक्याने पुसा. पहिल्या खेपेचा जळका रवा दुसऱ्या खेपेला कडू करतो.

उकलणं

मफिन जाळीवर ठेवून किमान ४० मिनिटं गार करा. गरम असताना आत अजून वाफ असते आणि पिठातला स्टार्च पुरता बसलेला नसतो. तेव्हा उघडला तर आतला भाग चिकट गोळा होतो, आणि चांगला शिजलेला मफिनही कच्चा वाटतो.

सुरी वापरू नका. सुरीचं पातं जाळीच्या भिंती कापत, चेपत जातं आणि गुळगुळीत पृष्ठभाग तयार करतं. त्यावर लोणी जिरत नाही, तरंगतं. काटा घ्या, मफिनच्या पांढऱ्या कडेत बरोबर मधोमध आडवा दीड-दोन सेंटिमीटर खुपसा, बाहेर काढा, शेजारी पुन्हा खुपसा. पूर्ण गोल फिरून आलात की दोन्ही हातांनी दोन भाग ओढून वेगळे करा. पीठ जिथे अशक्त तिथे फाटतं, आणि अशक्त जागा म्हणजेच बुडबुडे, त्यामुळे सगळी जाळी उघडी पडते. ही शहाणीव जुनी आहे. हॅना ग्लास या इंग्रज लेखिकेने १७४७ साली दिलेल्या मफिनच्या कृतीत ते हाताने उकलायला सांगितलं आहे, आणि सुरी लावली तर ते शिशासारखे जड होतील अशी ताकीदही दिली आहे.

शेकणं आणि खाणं

न शेकलेला मफिन हा अर्धवट पदार्थ आहे. टोस्टरमध्ये ब्रेडपेक्षा जास्त वेळ लावा. यात ओल जास्त असते, बऱ्याचदा दोन फेऱ्या लागतात. टोस्टर नसेल तर कोरड्या तव्यावर उघडी बाजू खाली ठेवून मध्यम आचेवर अडीच-तीन मिनिटं. खाचांच्या कडा गडद तपकिरी आणि खळगे पांढरे, असा रंग हवा. कडा कुरकुरीत आणि आत ओलसर, ही गंमत त्या फरकातून येते.

लोणी आधीच बाहेर काढून मऊ केलेलं असावं, आणि ते मफिन तव्यावरून उतरताक्षणी लावावं. थंड लोण्याचा तुकडा घासला तर जाळी मोडते. खारं पिवळं लोणी आणि कडवट संत्र्याचा मार्मलेड ही इंग्लंडची जुनी जोडी. घरचं ताजं पांढरं लोणी लावलंत तर वर मिठाचे दोन कण टाका, कारण मफिन स्वतः फिका असतो. मधही उत्तम, तो खळग्यांत साचून राहतो. रस्सा किंवा पातळ भाजी बरोबर घेऊ नका. जाळी क्षणात सगळं शोषते आणि कुरकुरीतपणा जातो. त्या कामाला पावच चांगला.

अंडं खाणाऱ्यांसाठी मफिनचा आकार अगदी सोयीचा आहे. एग्ज बेनेडिक्टमध्ये शेकलेल्या अर्ध्या मफिनवर हॅम, पाण्यात उकडलेलं बिनकवचाचं अंडं आणि वर हॉलंडेज हा बलक-लोण्याचा सॉस असतो. हॅमऐवजी परतलेला पालक घातला तर तेच एग्ज फ्लोरेंटाइन. हर्ब पीटरसन यांनी कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे मॅकडोनाल्ड्ससाठी एग मॅकमफिन तयार केला तो याच बेनेडिक्टवरून, आणि तिथेही अंडं मफिनच्या मापाच्या रिंगमध्ये शिजवतात. घरी तसं करायचं तर ९ सेंटिमीटरची रिंग लोणी लावून मंद तव्यावर ठेवा, अंडं फोडा, पिवळा बलक टोचा, रिंगच्या बाहेर तव्यावर एक मोठा चमचा पाणी टाकून झाकण ठेवा. तीन मिनिटांत अंडं वाफेवर होतं आणि मफिनवर बरोबर बसतं. त्यावर चीजचा तुकडा, मिरपूड, वरून दुसरा अर्धा भाग.

बिघडलं तर

आत भोकं बारीक आणि ब्रेडसारखी एकसारखी: पीठ घट्ट झालं, किंवा वाटे करताना हवा चेपून काढली. पुढच्या वेळी पाणी २० ग्रॅम वाढवा आणि मैद्याचा डबा ओट्यावरून उचलून ठेवा.

तव्यावर टाकताच पसरून चपटे झाले: दुसरं फुगणं लांबलं, किंवा घड्या कमी पडल्या. अशा पिठाचे उरलेले वाटे रिंगमध्ये भाजा, खायला चांगलेच लागतील.

बाहेर काळे, आत कच्चे: आच जास्त. याला दुसरं कारण सहसा नसतं.

रंगच येत नाही: पीठ फ्रिजमध्ये फार काळ राहिलं, साखर राहून गेली, किंवा तवा फारच थंड. तवा थंड असेल तर मफिन भाजण्याऐवजी सुकतो आणि कड जाड, चामड्यासारखी होते. अतिमंद आचही चूकच आहे.

एकाच जागी मोठी पोकळी आणि बाकी भाग गच्च: गोळा वळताना मध्ये कोरडा रवा किंवा मैदा अडकला, तिथे पीठ जुळलं नाही.

कणकेचे मफिन

४०० ग्रॅममधला १२० ग्रॅम मैदा काढून तेवढी गव्हाची कणीक घाला आणि पाणी २५-३० ग्रॅम वाढवा. चक्कीवरची कणीक मैद्यापेक्षा जास्त पाणी पिते आणि ते प्यायला वेळही जास्त घेते, म्हणून सुरुवातीची विश्रांती २० ऐवजी ४० मिनिटं करा. कोंड्याचे कण पिठाची तार तोडतात, त्यामुळे निम्म्याहून जास्त कणीक घातली तर जाळी जवळजवळ नाहीशी होते. चव चांगली येते, पण तो मग वेगळा पाव होतो. कणीक चाळून घेतली तर थोडा फायदा होतो.

ठेवणं

हवाबंद डब्यात बाहेर दोन दिवस, पावसाळ्यात एकच. फ्रिजमध्ये ठेवू नका. त्या तापमानाला पाव सर्वांत लवकर शिळा आणि कोरडा होतो. उरलेले थेट फ्रीझरमध्ये टाका, पण आधी काट्याने टोचून गोल पूर्ण करा, दोन भाग मात्र वेगळे न करता जुळलेलेच राहू द्या. प्रत्येकामध्ये बटर पेपरचा तुकडा घालून पिशवीतली हवा काढून बंद करा. महिनाभर चव टिकते. खायच्या वेळी गोठलेला मफिन कडेने हलका पिळला की टोचलेल्या रेषेवर उघडतो. वितळण्याची वाट न बघता तसाच टोस्टरमध्ये घाला. पहिली फेरी मंद, दुसरी नेहमीची.